मूत्ररोगचिकित्सेत श्रोणितलाच्या व्यायामोपचाराचे स्थान

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील एक प्राचीन नगर होय. मंदिरे, महामहम तलाव, पितळेची भांडी, रेशमी वस्त्रे आणि भोवतालची भातशेती ह्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मराठी वाचकास हे नगर परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या प्रदेशात तंजावरच्या भोसले घराण्याचे राज्य स्थापन झाले, आणि त्याच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही कावेरीकाठी नांदत आहेत. त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला.

ह्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केले. त्यांना वैद्यकाची विशेष आवड होती. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी औषधांची परीक्षा होत असे, पाश्चात्त्य वैद्यकाचे ग्रंथ संग्रही ठेवले जात, आणि अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करून ठेवण्यात आले. त्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी व डोळ्यांची चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. उपचार कोणत्या देशातून आला हे न पाहता तो रोग्यावर कसा लागू पडतो हे पाहावे, त्याची नोंद ठेवावी आणि मगच तो स्वीकारावा, अशी ही दृष्टी होती.

ह्याच दृष्टीने आज एका उपेक्षित उपचाराकडे पाहणे आवश्यक आहे. तो उपचार म्हणजे श्रोणितलाच्या स्नायूंचा व्यायामोपचार. मूत्रावर ताबा न राहण्याच्या विकारात शस्त्रक्रिया व औषधे ह्यांच्या आधी त्याचा विचार व्हावा, त्यासाठी शिकविलेला भौतिकोपचारतज्ज्ञ, ज्यास लोक फिजिओथेरपिस्ट म्हणतात, तो मूत्ररोगविभागात असावा, आणि कुंभकोणमसारख्या मध्यम आकाराच्या नगरात हे करणे अशक्य नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

न सांगितला जाणारा विकार

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना थोडे मूत्र नकळत बाहेर पडणे हा फार मोठ्या प्रमाणावर आढळणारा विकार आहे. नॉर्वेमध्ये सुमारे २८,००० स्त्रियांची पाहणी करण्यात आली, तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी २५ टक्के स्त्रियांनी असा त्रास असल्याचे सांगितले. पुरुषांतही, विशेषतः प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर, हा त्रास उद्भवतो.

ह्या विकाराने सहसा मृत्यू येत नाही, म्हणून त्याला क्षुल्लक समजण्याची चूक होते. त्याचे खरे दुष्परिणाम दैनंदिन जीवनात दिसतात. जिला हा त्रास आहे ती स्त्री लांबचा बसप्रवास टाळते, लग्नकार्यात व देवळातील गर्दीत जाण्याचे सोडते, आणि पाणी कमी पिऊ लागते. पाणी कमी प्याल्याने मूत्र दाट होते, मूत्राशयाची जळजळ वाढते व त्रास कमी होण्याऐवजी बळावतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून काम करणाऱ्या मजूर स्त्रीला तर आडोसाही मिळत नाही. ही गोष्ट ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही आणि डॉक्टरांनाही सांगत नाही. बाळंतपणानंतर आणि उतारवयात असे व्हावयाचेच, हा समज पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. हा समज चुकीचा आहे. विकार पुष्कळांना होतो ही गोष्ट खरी, परंतु पुष्कळांना होतो म्हणून तो सोसलाच पाहिजे असे ठरत नाही.

श्रोणितल म्हणजे काय?

कमरेच्या हाडांनी बनलेल्या कड्यास श्रोणी म्हणतात. हे कडे वरून व खालून मोकळे असते. त्याच्या खालच्या तोंडावर, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बसविलेली असते. हेच श्रोणितल. मूत्राशय, मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक आणि स्त्रियांत गर्भाशय ही इंद्रिये ह्या झोळीवर विसावलेली असतात. पितळी घागरीचा तळ कठीण व अचल असतो, तसा हा तळ नाही. तो श्वासाबरोबर किंचित वर-खाली होतो, खोकल्याच्या क्षणी आपोआप आवळतो आणि मलमूत्रविसर्जनाच्या वेळी सैल पडतो.

मूत्राशयात साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र साठू शकते. ते साठत असता मूत्राशयाची भित्ती सैल राहावी व मूत्रमार्ग बंद राहावा, आणि विसर्जनाच्या वेळी ह्याच्या नेमके उलट घडावे, अशी योजना मज्जातंतूंच्या द्वारा झालेली आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास, तर पुरुषाचा सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतो. त्यामुळे स्त्रीच्या बाबतीत श्रोणितलाच्या आधाराचे महत्त्व अधिक आहे. खोकला आला की पोटातील दाब एकाएकी वाढतो. त्याच क्षणी श्रोणितल आवळले गेले तर मूत्रमार्ग बंद राहतो. ते दुर्बल असेल किंवा उशिरा आवळले गेले तर मूत्र निसटते. एकाएकी अनावर वेग येऊन शौचालय गाठण्यापूर्वीच मूत्र सुटणे, हा ह्या विकाराचा दुसरा प्रकार. श्रोणितल आवळून धरले असता मूत्राशयाचा हा अवेळी येणारा वेग प्रतिक्षिप्त क्रियेने शमू शकतो. म्हणून दोन्ही प्रकारांत ह्या स्नायूंचे शिक्षण उपयोगी पडते.

प्रसूतीच्या वेळी हे स्नायू व त्यांचे मज्जातंतू अतिशय ताणले जातात. त्याशिवाय जुनाट खोकला, मलावरोध, स्थूलता, वारंवार जड ओझी उचलणे आणि वाढते वय ह्यांमुळेही ते दुर्बल होतात. मात्र दुर्बल झालेला स्नायू योग्य व्यायामाने पुन्हा सबळ होऊ शकतो. दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूंबद्दल हे सत्य सर्वांना मान्य आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या स्नायूंबद्दल मात्र ते सहज विसरले जाते.

उपचाराचा पाया

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ह्या व्यायामावरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. स्नायू किती जोराने आवळला जातो हे दाबमापकावर पाहता येईल असे एक साधन त्यांनी तयार केले होते. रुग्णेला आपले बळ दिवसेंदिवस वाढत असल्याचे त्यामुळे प्रत्यक्ष दिसू लागले. केगेल यांच्या कार्याचे महत्त्व ह्या मोजमापात आहे.

भारतीय वाचकास येथे हठयोगातील मूलबंधाची आठवण होणे साहजिक आहे, कारण त्यातही ह्याच भागाचे आकुंचन सांगितले आहे. परंतु साम्य दिसले म्हणजे गुण सिद्ध झाला, असे होत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि यौगिक क्रियांच्या वेळी शरीरातील दाबांत काय फरक पडतो हे उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. परंपरेचा अभिमान आणि मोजमापाचा आग्रह ही दोन्ही एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे त्यांच्या कार्यावरून दिसते. श्रोणितलाच्या व्यायामाकडेही ह्याच वृत्तीने पाहिले पाहिजे.

तसे पाहिले असता पुरावा भक्कम आहे. जगातील १४ देशांत झालेल्या ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,८१७ स्त्रियांचा समावेश होता. ताण पडताच मूत्र निसटणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी हा व्यायाम केला त्यांच्यातील ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांच्यात हे प्रमाण अवघे ६ टक्के होते. ब्रिटनमधील नाइस ह्या संस्थेच्या मार्गदर्शनात अशा रुग्णांस प्रथम उपचार म्हणून किमान तीन महिने देखरेखीखालील व्यायाम द्यावा, आणि दिवसातून तीन वेळा प्रत्येकी किमान आठ आकुंचने करवावीत, असे सांगितले आहे. ह्या उपचारास भूल लागत नाही, रुग्णालयात राहावे लागत नाही आणि घरचे काम सोडावे लागत नाही.

शस्त्रक्रियेची घाई केल्याने काय होऊ शकते, ह्याचाही अनुभव जगाने घेतला आहे. मूत्रमार्गास आधार देण्यासाठी कृत्रिम धाग्यांची जाळी बसविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. पुष्कळ स्त्रियांना तिचा लाभ झाला. परंतु काहींना कायमच्या वेदना जडल्या, आणि जाळी काढून टाकणेही अवघड ठरले. जुलै २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये अशा जाळीचा वापर थांबविण्यात आला. ह्यावरून शस्त्रक्रिया त्याज्य ठरत नाही. मात्र जो उपचार मागे घेता येत नाही, त्याच्यापूर्वी मागे घेता येणारा उपचार मनापासून करून पाहावा, एवढे निश्चित ठरते.

कागदावरची सूचना पुरेशी का नाही?

ह्यावर असे म्हटले जाते की, व्यायाम इतका सोपा असेल तर डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगावा अथवा एक छापील पत्रक द्यावे; त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ कशाला? हा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे. परंतु १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा स्नायू आवळण्यास सांगितले गेले. त्यांपैकी निम्म्याच स्त्रियांना, म्हणजे ४९ टक्क्यांना, तो योग्य रीतीने आवळता आला. २५ टक्के स्त्रियांनी तर अशा रीतीने जोर लावला की त्याने विकार वाढण्याचाच संभव होता. त्या आवळण्याऐवजी कुंथत होत्या. न पाहिलेला स्नायू ओळखून त्याला आज्ञा देणे हे एक शिक्षण आहे, आणि त्याला शिक्षक लागतो.

दुसरे कारण ह्याहूनही महत्त्वाचे आहे. सर्वच रुग्णांचे श्रोणितल दुर्बल नसते. काहींचे ते सतत आवळलेले असते, त्यामुळे मूत्राशयाच्या जागी वेदना होतात, मूत्र अडखळत येते व पुन्हापुन्हा जावे लागते. अशा रुग्णास आवळण्याचा व्यायाम सांगणे म्हणजे दुखणे वाढविणेच होय. तेथे स्नायू हाताने सैल करण्याचा व त्यांना विसावा घेण्यास शिकविण्याचा उपचार करावा लागतो. मूत्राशयाच्या वेदनेने त्रस्त अशा ८१ स्त्रियांवर हा उपचार करून पाहण्यात आला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायूंच्या विशिष्ट उपचाराने ५९ टक्के स्त्रियांना लाभ झाला, तर सर्वांगाच्या साध्या मर्दनाने २६ टक्क्यांना. दोन रुग्णांची तक्रार ऐकण्यास सारखीच वाटावी, परंतु एकीला स्नायू आवळण्यास शिकवावे व दुसरीला सैल सोडण्यास शिकवावे, हा निर्णय तपासणीवाचून होत नाही.

उपचाराच्या मर्यादा

ह्या उपचाराचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे शास्त्राला शोभणार नाही. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रावर ताबा न राहिलेल्या पुरुषांची मोठी चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. समूळ शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकी ज्यांना तज्ज्ञाने स्वतंत्रपणे शिकविले त्यांच्यातील ७६ टक्क्यांना, आणि ज्यांना नेहमीची शुश्रूषा व माहितीपत्रके मिळाली त्यांच्यातील ७७ टक्क्यांना एक वर्षानंतरही त्रास होताच. फरक जवळजवळ नव्हता. यंत्रांबाबतही असाच सावधपणा हवा. १९९९ मध्ये नॉर्वेतील एका चाचणीत व्यायाम, विद्युत्‌उद्दीपन व योनीत धरावयाची वजने ह्यांची तुलना झाली, तीत व्यायामच श्रेष्ठ ठरला. स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखविणारे यंत्र जोडल्याने देखरेखीखालील व्यायामाचा लाभ वाढत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत आढळले.

ह्या निष्कर्षांनी उपचाराची बाजू दुबळी होत नाही. त्यांमुळे तो कोणास द्यावा व त्यावर पैसा कोठे खर्च करावा हे कळते. महागड्या यंत्रांवाचून, शिकविलेल्या माणसाच्या हातांनी हा उपचार होतो, ही गोष्ट लहान नगरांच्या दृष्टीने आशादायक आहे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवले पाहिजे की मूत्र न आवरण्याचे कारण मधुमेह, जंतुसंसर्ग, मुतखडा, मज्जातंतूंचा विकार किंवा एखादे औषधही असू शकते. मूत्रात रक्त दिसणे ही तर तत्काळ तपासणीची खूण होय. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञाने निदान करावे, आणि मग भौतिकोपचारतज्ज्ञाने आपले काम करावे. दोघे एकमेकांचे पूरक आहेत.

कुंभकोणममध्ये काय होऊ शकेल?

ह्या उपचारासाठी नवी वास्तू उभारण्याची आवश्यकता नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तामिळनाडूतील ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत अथवा आरोग्य केंद्रांत झाल्या होत्या. अर्थात तेथील जवळजवळ प्रत्येक माता एकदा तरी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या दृष्टीखाली येते. लसीकरणासाठी ती बाळाला घेऊन पुन्हा येते. त्या भेटीत बाळाचे वजन विचारले जाते, तसा आणखी एक प्रश्न मातेस विचारला जावा: "खोकताना किंवा उठताना मूत्र निसटते काय?" तो स्त्री-कर्मचारिणीने, एकांतात आणि तमिळमध्ये, घरच्या बोलीत विचारावा. विचारल्यावाचून ही तक्रार पुढे येत नाही.

दुसरी सोय घरोघर जाण्याची. ५ ऑगस्ट २०२१ रोजी तामिळनाडू सरकारने 'मक्कळैत् तेडि मरुत्तुवम' ह्या नावाची योजना सुरू केली. 'लोकांच्या शोधात वैद्यक' असा त्या नावाचा अर्थ. रक्तदाब व मधुमेह ह्यांची औषधे घरी पोचविणे, अंथरुणास खिळलेल्यांची शुश्रूषा करणे आणि घरी भौतिकोपचार देणे ही तिची उद्दिष्टे होती; बचतगटांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या दाराशी जाऊ शकतो, ही गोष्ट ह्या योजनेने सिद्ध केली. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात हलविण्यास जो तज्ज्ञ घरी जातो, त्याच्या शिक्षणात श्रोणितलाचा पाठ नीट घातला, आणि हे काम स्त्रियांच्या बाबतीत स्त्री-तज्ज्ञाकडे सोपविले, तर मळ्यातील मजूर स्त्रीलाही हा लाभ पोचू शकेल. २०२१ मध्येच संसदेने संमत केलेल्या कायद्याने भौतिकोपचारासह संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे. शिक्षणक्रमात सुधारणा करण्यास ही योग्य वेळ होय.

तज्ज्ञांची संख्या कमी आहे, हा आक्षेप उरतो. परंतु संख्या कमी आहे म्हणून जे आहेत त्यांना केवळ गुडघेदुखी व पाठदुखी ह्यांत गुंतवून ठेवावे, हे तर्कास धरून नाही. आठवड्यातील एक दिवस मूत्ररोगविभागात त्यांची बैठक ठेवली, पहिली तपासणी एकेकीची केली आणि नंतरचा सराव लहान गटांत घेतला, तरी प्रारंभ होऊ शकतो. प्रत्येक रुग्णाचा त्रास आरंभी किती होता व तीन महिन्यांनी किती राहिला ह्याची नोंद ठेवावी. ज्यांना गुण आला नाही त्यांना पुढील उपचारासाठी पाठवावे. नोंद ठेवण्याची प्रथा ह्या प्रदेशाला नवी नाही.

शाळा आणि ग्रंथालये ह्यांनाही ह्यात कर्तव्य आहे. शरीरशास्त्राच्या पाठात हृदय व फुप्फुसे ह्यांच्या चित्रांबरोबर श्रोणितलाचे चित्र असावे. शाळेत स्वच्छ शौचालय नसल्यामुळे दिवसभर मूत्र अडवून धरणाऱ्या मुलींची सवय पुढे विकाराचे कारण होऊ शकते, हे शिक्षकांनी जाणावे. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' प्रसिद्ध आहे. अनावर वेगाचा त्रास असणाऱ्याने तिचे पेले कमी करावेत, पाणी मात्र बेताने पण पुरेसे प्यावे, इतकी साधी माहितीदेखील अनेकांना मिळत नाही.

मूत्ररोगचिकित्सेची थोरवी आजवर शस्त्रातील कौशल्याने मोजली गेली, आणि ते कौशल्य आदरास पात्र आहे. परंतु ज्या रुग्णाला शस्त्रावाचून बरे होता येते, त्याला ती संधी प्रथम मिळणे हा त्याचा हक्क आहे. श्रोणितलाचा व्यायाम शिकविणारा तज्ज्ञ जोपर्यंत मूत्ररोगविभागाच्या बाहेर राहील, तोपर्यंत हा हक्क कागदावरच राहील. कुंभकोणमच्या एखाद्या रुग्णालयाने त्याला आत बोलावले, नोंदी ठेवल्या आणि त्या प्रसिद्ध केल्या, तर मोठ्या शहरांतील रुग्णालयांनाही त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ मिळेल.